मुक्या मोजेवाल्या

कोंबडीला उलटं धरलं की ती गप्प होते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. वहिनींच्या कोंबड्या सुलट धरल्या तरी गप्प असत.

०

दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीत बसलेल्या माणसाला बोलता येत नाही. त्यामुळे तो ऐकतो फार.

०

मोज्यांचा एक जोड. राखाडी, घोट्यापासून बोटांपर्यंत. चिखलात भिजला की वाळता वाळत नाही. काढून पिळावा म्हटलं तर तेही जमत नाही, कारण तो पायातून निघतच नाही.

०

सुरी चांगली असेल तर आवाज होत नाही. सुरी बोथट असली तरी होत नाही, असं एक घर आहे.

०

कोठीच्या खोलीत, अंधारात, बांबूच्या डालग्याखाली कोणीतरी बसलं आहे. त्याला दिवस कळत नाही, रात्र कळत नाही. बाकी सगळं कळतं.

०

जाळीला खालच्या अंगाला एक भोक होतं. पावाएवढं. भावोजी म्हणाले, घुशीचं असेल.

०

आता हे सगळं एका अंगणात आणून ठेवू या, म्हणजे सोपं जाईल.

अंगण वहिनींचं. घराच्या मागे, तीन बाजूंना भिंत आणि चौथ्या बाजूला, नाल्याकडे, तारेची जाळी. गल्लीतल्या सगळ्यांच्याच त्या वहिनी होत्या, पण खऱ्या वहिनी एकट्या भावोजींच्या. भावोजी वरच्या मजल्यावर राहत, जेवायला खाली येत, आणि जेवण झालं की हात वाळेपर्यंत ताटावर बसून जगाला नावं ठेवत. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं कोणी विचारलं तर म्हणत, "वहिनींच्या हातचं सोडून कोण जाणार?" आणि वहिनी म्हणत, "कोणी नेलंच नाही ह्यांना, तर जाणार कुठे?"

वहिनींचे यजमान दुधाच्या गाडीवर ड्रायव्हर होते. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. मागे राहिलं हे घर, हा धाकटा भाऊ आणि मोजेवाल्या.

मोजेवाल्या म्हणजे जड अंगाच्या, रुंद छातीच्या, राखाडी कोंबड्या. पायांवर थेट बोटांपर्यंत पिसं, म्हणून हे नाव. दुधाच्या वाटेवर एक शाळामास्तर राहत, त्यांनी यजमानांना खोक्यात घालून एक जोडी दिली होती. जात जुनी. पूर्वी घरोघरी अशाच असत: कोंबडीनं अंडी द्यायची, कोंबड्यानं पातेलं भरायचं, एकाच खुराड्यात दोन्ही भागायचं. पुढे लोकांनी कामं वाटून दिली. अंड्यांची कोंबडी वेगळी केली, मांसाची वेगळी केली, आणि दोन्ही कामं थोडी थोडी करणारी कोणालाच परवडेना. एकेका अंगणातून ती पुसली गेली. शेवटी मास्तरांकडे एक कळप उरला आणि वहिनींकडे एक.

आणि ह्या वर्षी मास्तरांच्या कळपात रोग शिरला. पांढरे झगे घातलेली माणसं आली, पोती भरून घेऊन गेली, चुना टाकून गेली.

म्हणजे आता ह्या अंगणात होत्या तेवढ्याच. इथल्या संपल्या की संपल्या.

०

जात टिकवायची म्हणजे काय करायचं, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. बरेचसे कोंबडे खाऊन टाकायचे असतात. दहा कोंबडे एका अंगणात नांदत नाहीत. तेव्हा दोन-तीन ठेवायचे, बाकीचे शिजवायचे. कोणते ठेवायचे, ही खरी कला. ज्याला ठेवाल त्याच्यासारखा पुढचा कळप होतो.

तुरे लाल झाले की वहिनी एक रविवार ठरवत. स्टूल टाकून अंगणात बसत. भावोजी एकेकाला काखेत मारून आणत. वहिनी छातीचं हाड बोटानं चाचपत, पाठ बघत, मोजे बघत, आणि म्हणत, "ठेवा," नाहीतर, "पातेलं."

"ह्याचं काय वाईट आहे, वहिनी? चांगला दगडासारखा भरलाय."

"ओरडतो."

"कोंबडा आहे तो! ओरडू नाही तर काय वर्तमानपत्र वाचू?"

"परवा डॉक्टरांचा पेशंट खुर्चीतून उडाला. हिरडीत सुई होती. पातेलं."

डॉक्टर म्हणजे भिंतीपलीकडचे दंतवैद्य. त्यांच्या दवाखान्याची खिडकी वहिनींच्या अंगणात उघडत असे. फार वर्षांपूर्वी ते एकदा हात जोडून आले होते. चढ्या आवाजात नाही, अगदी मऊपणे म्हणाले, "वहिनी, तुमच्या कोंबड्यांचं काही करता येईल का? मी दात काढायला लागलो की नेमके ते सुरू होतात. लोकांना वाटतं मी आत कोणाला तरी मारतोय." वहिनींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. भांडायला आले असते तर त्यांनी दोन हात केले असते. हात जोडलेल्या माणसाचं काय करणार?

त्या वर्षापासून वहिनी मोजे आणि छातीचं हाड ह्यांच्या आधी घसा बघू लागल्या. ओरडतो? पातेलं. चोच मारतो? पातेलं. अंगावर धावून येतो? आधी पातेलं, मग चौकशी. जो मांडीवर बसेल, तुरा कुरवाळून घेईल, तो ठेवा. पुढच्या वर्षी त्याची पोरं. त्यातला सगळ्यात गरीब, तो ठेवा. माद्यांचंही तेच. हात लावला की कलकलाट करणारी गेली, गुमान बसणारी राहिली.

अंडी तशीच मोठी होती, तपकिरी. मांस तसंच भरत होतं. आणि कळप असा झाला होता की वहिनी दाणे घेऊन बसल्या की सगळ्या भोवती गोळा होत, कोणी पायावर डोकं टेकत, आजी नावाची एक म्हातारी कोंबडी तर मांडीत झोपूनच जाई. वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला अंगण दाखवत. "आवाज ऐकू येतोय?" विचारत. पाहुणे कान देत, म्हणत, "नाही बुवा." वहिनींचा चेहरा उजळे.

भावोजींनी मात्र कापायच्या दिवशी थट्टा करणं सोडलं होतं.

"काय झालं, भावोजी?"

"काही नाही. सुरी लावली तर माझ्याकडे बघत होता."

"मग?"

"मग काही नाही. बघतच राहिला."

०

भोंगा.

मास्तरांनी कळप जायच्या थोडं आधी भुशात घालून अंडी पाठवली होती. बाकीची नासली, एक फुटलं. त्यातून आलेलं पिल्लू पहिल्याच दिवशी वहिनींच्या अंगठ्यावरून खाली उडालं आणि असं किंचाळलं की भावोजी जिन्यावरून अर्धे खाली आले. नाव त्यांनीच ठेवलं. भिंतीवर मांजर दिसलं की भोंगा ओरडे. वरून घार गेली की ओरडे, विमान गेलं तरी ओरडे. डॉक्टरांचा वाळत घातलेला टॉवेल हलला तरी सगळं जग बुडाल्यासारखा ओरडे. वहिनींच्या मनगटावर चोच मारून त्यानं रक्त काढलं होतं.

"मास्तरांनी त्यांच्या कोंबड्यांना वळणच लावलं नाही कधी," वहिनी हळद लावत म्हणाल्या.

"पण वहिनी, मास्तरांच्या रक्तातला हा एवढाच उरला."

"उरला म्हणून काय डोक्यावर बसवू? डॉक्टर पुन्हा हात जोडून आले तर तुम्ही जाल पुढे?"

भावोजींनी हात टेकले. भोंगा काटकुळा होता, कापायच्या लायकीचाही नव्हता. अशाला चार आठवडे अंधारात डालग्याखाली ठेवतात, हलू देत नाहीत, भरपूर चारतात. मग तो भरतो. वहिनींनी त्याला कोठीच्या खोलीत नेऊन डालग्याखाली घातला. अंगण पुन्हा शांत झालं.

मग एक कोंबडी कमी भरली.

०

वहिनींनी आधी स्वतःवरच घेतलं, मोजताना चुकलं असेल. पुन्हा मोजल्या. खुराड्यात वाकून पाहिलं, लाकडांमागे पाहिलं, नाल्याकडे पाहिलं. काही नाही. आठवड्यानं आणखी एक गेली. मग एक तरुण कोंबडा गेला, ह्या वर्षीचा सगळ्यात गरीब, ज्याच्यावर पुढची सगळी भिस्त होती.

पीस नाही. रक्ताचा ठिपका नाही. ओरडणं तर नाहीच. दुपारी वहिनी ओट्यावर पाठ टेकत, जाळीपासून हाकेच्या अंतरावर. कुत्र्यानं धरली असती तर गदारोळ झाला असता. मांजर असतं तर पिसं उडाली असती. अंगणातून जनावर निघून जातं आणि मागे काहीच राहत नाही, म्हणजे हे माणसाचं काम. वहिनींच्या मनात पाल चुकचुकली ती थांबेचना.

"माझ्याकडे काय बघताय?" भावोजी घास तोंडाशी नेता नेता थांबले. "मी खाली बसून उघड जेवतो. चोरून खायची वेळ माझ्यावर आली नाही अजून."

"मी काही म्हटलं का?"

"डोळ्यांनी म्हटलंत."

आणि कोठीतला भोंगा! अंधारात असूनही तो मधूनच, भर दुपारी, असा काही ओरडे की भांडी थरथरत. नेमका वहिनींचा डोळा लागत असतानाच. एक दिवस त्या तणतणत उठल्या आणि डालग्यावर जाड पोतं टाकून आल्या. आवाज दबला. मोजेवाल्या बाहेर ऊन खात बसल्या होत्या. त्यातली एक त्या दिवशी संध्याकाळी नव्हती.

०

वहिनी स्टुलावर चढल्या आणि भिंतीवरून दवाखान्याच्या खिडकीत बोलल्या. आत खुर्चीत एक बाई तोंड उघडून बसली होती. तिला ते मिटता येईना.

"डॉक्टर, एक विचारू? आवाजाचा त्रास होता, तो मी बंद केला. आता आणखी काय हवं होतं?"

डॉक्टरांनी तोंडावरची पट्टी हनुवटीखाली ओढली. "काय झालं, वहिनी?"

"माझ्या कोंबड्या जाताहेत. भिंतीला तुमचीच एक खिडकी आहे."

"वहिनी, मी माणसांचे दात काढतो. कोंबड्या नाही काढत."

खुर्चीतली बाई हसायला गेली आणि कळवळली. वहिनींचा चेहरा लाल झाला. त्या उतरू लागल्या, तर डॉक्टर खिडकीपाशी आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "राग मानू नका, पण बोलतो. पूर्वी तुमच्याकडे कलकलाट होता, मला त्रास होई. पण आता मी खिडकी लावून घेतो ती वेगळ्याच कारणानं. तिथे एवढे जीव आहेत आणि काही ऐकूच येत नाही. मधे एकदा मी कोंबड्यांकडे पाहिलं तर सगळ्या एका दिशेला तोंड करून उभ्या होत्या, आणि गप्प. मला दुपारभर काम सुचलं नाही."

"कोणत्या दिशेला?"

"नाल्याकडे."

०

मास्तर आता अंथरुणाला खिळलेले होते. फोन त्यांच्या सुनेनं कानाला लावून दिला.

"मास्तर, माझ्या कोंबड्या जाताहेत हो."

"आजार?"

"नाही. नाहीशा होतात."

मग, "ओरडल्या का?"

"कोण?"

"ज्या गेल्या त्या जाऊ द्या. ज्या राहिल्या, त्या ओरडल्या का?"

फोनवर हात ठेवून वहिनी अंगणाकडे बघत राहिल्या. अंगणात आजी कोंबडी मातीत लोळत होती, बाकीच्या टिपत होत्या. सगळं नेहमीसारखं होतं.

०

दुसऱ्या दिवशी वहिनी ओट्यावर आडव्या झाल्या नाहीत. स्वयंपाकघराच्या खिडकीमागे उभ्या राहिल्या. ती दुपार आधी डोळ्यांनी बघू या.

ऊन. मोजेवाल्या सावलीत पांगलेल्या. जाळीच्या भोकातून आधी एक नाक आलं, मग कान, मग लांबट तांबूस अंग, एखादं ओलं फडकं फटीतून ओढून घ्यावं तसं. कोल्हा. किडकिडीत, छातीवरची लव झडलेली, घरी पिल्लं असावीत. तो धावला नाही. दबा धरला नाही. आत येऊन उभा राहिला आणि अंग झटकलं. जवळच्या कोंबडीनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग ती त्याच्याकडे चालत गेली. तिच्यामागून दुसरी. दाणे घेऊन कोणी आलं की जशा येतात तशा त्या त्याच्याभोवती गोळा झाल्या. एकीनं त्याच्या पायाशी माती उकरली. कोल्हा भाजी निवडणाऱ्या बाईसारखा त्यांच्यातून हिंडला. एकीला हुंगलं, सोडलं. दुसरीला हुंगलं, सोडलं. तिसरीची छाती नाकानं दाबून पाहिली. तिला मानेशी धरलं. तिनं पंख पसरले नाहीत. तिला घेऊन तो भोकातून गेला, आणि राहिलेल्या मोजेवाल्यांनी थोडा वेळ त्या भोकाकडे पाहिलं आणि पुन्हा टिपायला लागल्या.

आता तीच दुपार कानांनी.

माती उकरल्याचा आवाज. दवाखान्यातल्या यंत्राची गुणगुण. जाळीची तार एकदा वाजली. आणि तार वाजायच्याही आधी, कोठीच्या बंद दाराआडून, डालग्याच्या आणि पोत्याच्या आतून, भोंगा: दबलेला, घोगरा, एकसारखा, जीव तोडून. तार पुन्हा वाजेपर्यंत तो थांबला नाही. मग थांबला. बाकी काही नाही.

वहिनी खिडकीतून हलल्याच नाहीत. धावायला हवं होतं, ओरडायला हवं होतं. त्यांना आठवत होते ते सगळे रविवार. कोल्ह्यानं छाती चाचपली तेव्हा त्यांची स्वतःची बोटं हलली होती.

०

"भोक बुजवलंय," भावोजी हात झटकत म्हणाले. "खाली दगड पुरलेत, वर दुहेरी जाळी. आता कोल्ह्याचा बाप आला तरी शिरणार नाही."

"आणि भिंतीवरून?"

"भिंतीवर काचा लावू."

"आणि मी मेले की?"

भावोजींनी फावडं भिंतीला टेकवलं.

"भावोजी, दगड तुम्ही पुरताय, काचा तुम्ही लावताय. मी गेल्यावर ह्या कोणाच्या तरी अंगणात जातील. त्याची जाळी तुटकी असेल. मग?" वहिनी कोठीचं दार उघडत होत्या. "मास्तरांच्या कोंबड्या झाडावर झोपायच्या. त्यांच्याकडे जाळीच नव्हती."

डालगं उचललं. भोंगा चांगला भरला होता. उजेडानं त्याचे डोळे मिटले, मग उघडले, आणि त्यानं वहिनींच्या मनगटावर, त्याच जागी, कचकन चोच मारली. वहिनींनी हात मागे घेतला नाही.

"ह्याला कळपात सोडते."

"आणि डॉक्टर?"

"डॉक्टरांना कापूस घालू दे कानात. त्यांच्याकडे कमी आहे का कापूस?"

भोंगा कळपात गेला आणि लगेच ओरडू लागला. घार गेली, ओरडला. टॉवेल हलला, ओरडला. पण हे ओरडणं कशाबद्दल आहे ते मोजेवाल्यांना कळेना. त्याच्याकडे बघत आणि पुन्हा टिपू लागत. पुढच्याच आठवड्यात कोल्हा भिंतीवरून आला, भावोजींच्या काचा यायच्या होत्या. भोंगा एकटा त्याच्यावर धावून गेला. वहिनी झाडू घेऊन पोचेपर्यंत भोंग्याची अर्धी शेपटी आणि एक डोळा गेला होता. कोल्हा मात्र रिकाम्या तोंडानं गेला. त्या सगळ्या धुमश्चक्रीत आजी कोंबडी मधोमध बसून होती. कोणाची तरी मांडी शोधत असावी.

वहिनींनी भोंग्याचं डोळ्याचं भोक कोमट पाण्यानं पुसलं. तो तडफडत होता, टोचत होता, नख्या मारत होता. इतक्या वर्षांत हाताखाली असं काही तडफडलं नव्हतं, त्यांचे हात ते विसरलेच होते.

०

भोंग्याची पिल्लं यंत्रात उबवून निघाली. राखाडी, बारीक मोजे घातलेली. वहिनींनी त्यांना आयांपासून दूर, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला वेगळ्या खोक्यात ठेवलं. आयांकडून ती शिकणार काय?

पहिल्या दिवसापासून त्यांनी पिल्लांना हातावर घेतलं नाही. दाणे भावोजी टाकत. वहिनी रोज लांबून बघत. खोक्यावर कागदाची सावली फिरवली की दोन-तीन पिल्लं जमिनीशी चिकटत. बाकीची मान वर करून बघत, काय येतंय म्हणून. बाप भोंगा होता, पण आया वहिनींच्या होत्या.

"रक्तात अर्धंच आलंय," वहिनी म्हणाल्या. "उरलेलं दाखवून द्यावं लागेल."

"काय दाखवणार?"

वहिनींनी ट्रंकेतून यजमानांचं जुनं तांबूस ब्लँकेट काढलं. गाडीवर थंडीत अंगावर घ्यायचे ते. त्याला अजून डिझेलचा वास होता. ते डोक्यावरून घेतलं, वाकल्या, आणि हातापायांवर, गुडघ्यांच्या सांध्यांना शिव्या देत, अंगणात गेल्या.

"वहिनी, अहो लोक बघतील!"

"बघू दे. तुम्ही आत जा."

मोठ्या मोजेवाल्या त्यांच्याकडे चालत आल्या. वहिनींनी आजीला पायांना धरून उचललं, उलटं केलं, पिल्लांच्या खोक्यासमोर गदागदा हलवलं. आजीनं डोळे मिटले आणि तशीच, लोंबकळत, झोपी गेली. पिल्लांनी थोडा वेळ पाहिलं आणि पुन्हा दाणे टिपले.

वहिनी ब्लँकेटच्या आत रडत होत्या. पण हात थांबले नाहीत. त्यांनी आजीला खाली ठेवलं आणि खोक्यात हात घातला. जे पिल्लू सगळ्यात आधी जमिनीशी चिकटलं, तेच धरलं. एका पायानं उचललं.

ते किंचाळलं.

खोकं फुटल्यासारखं झालं. पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढली, कडेवरून उडाली, लाकडांत शिरली, भिंतीच्या फटीत घुसली. एवढ्याशा गळ्यांमधून ते सगळं अंगण भरून गेलं. भोंग्यानं भिंतीवरून त्यात आवाज मिसळला. वहिनींनी पिल्लू सोडून दिलं आणि तशाच बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्या ब्लँकेट न घेता गेल्या. नेहमीचीच साडी, नेहमीचंच दाण्यांचं भांडं, नेहमीचीच चाल. पिल्लांनी त्यांची सावली पाहिली आणि ओरडत पळाली. वहिनी एक पाऊल पुढे गेल्या, आणखी ओरडली. मोठ्या कोंबड्यांतल्या एकीनं, आयुष्यात पहिल्यांदाच, टिपणं सोडून मान ताठ केली आणि मागे सरकली.

भिंतीपलीकडे यंत्र बंद पडलं. खिडकी उघडली.

"वहिनी! काय झालं? कोण आलंय?"

"कोणी नाही, डॉक्टर," वहिनी म्हणाल्या. "मी आहे."

०

कोल्हा पहिल्यांदा आला तेव्हा भोंगा अजून अंड्यातच होता. त्या दिवशी त्यानं काहीच नेलं नाही. जाळीच्या पलीकडे बसून राहिला, आणि दोन कोंबड्या अलीकडून येऊन जाळीला टेकून झोपल्या.